जेवणानंतरची फरशी

जेवण झालं की आमचे हे फरशी पुसायला लागले, तेव्हा मी अख्ख्या बिल्डिंगमध्ये हवेत चालत होते. का नाही चालणार? लग्नाला एवढी वर्षं झाली, या माणसाने कधी आपला पाण्याचा ग्लास उचलून सिंकमध्ये ठेवला नव्हता. आणि आता शेवटचा घास गिळला रे गिळला, की फडकं घेऊन हात-गुडघे जमिनीला टेकून स्वयंपाकघरभर रांगायचे! टेबलाखाली, फ्रिजच्या कडेने, दारामागे. मी म्हटलं, "अहो, मॉप आहे की. उभ्याने पुसा." तर म्हणाले, "मॉपने कोपरे राहतात गं." कोपरे! आपल्या घराला कोपरे आहेत हेच या माणसाला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं!

शेजारणीला मी मुद्दाम दार उघडं ठेवून दाखवलं. तिने तोंडात बोट घातलं आणि संध्याकाळी स्वतःच्या नवऱ्याची अशी हजेरी घेतली की भिंतीपलीकडून मला शब्द न् शब्द ऐकू आला. दुसऱ्या दिवशी तो बिचारा जिन्यात ह्यांना गाठून म्हणाला, "साहेब, जरा आमचाही विचार करा हो." हे नुसते हसले.

तर हे कोण, ते आधी सांगते. हे बुटांच्या दुकानात सेल्समन. गिऱ्हाइकाच्या पायाशी बसायचं, बूट चढवायचा, अंगठ्याशी दाबून बघायचं, टाचेत बोट घालून बघायचं, लेस बांधून द्यायची. हे काम ह्यांना इतकं आवडतं की मला कधीकधी लोकांच्या पायांचा हेवा वाटतो. पण मध्यंतरी वजन असं वाढलं, असं वाढलं, की एकदा वाकले की उठवायला दोघं जण लागायचे. एक दिवस एका बाईंच्या पायाशी वाकले ते तिथेच अडकले. शेवटी त्या बाईच ह्यांच्या काखेत हात घालून ह्यांना उठवत होत्या, स्वतःच्या एका पायात बूट आणि एका पायात मोजा! मालक भला माणूस. त्यांनी ह्यांना गल्ल्यावर बसवलं. पगार तोच, डोक्यावर पंखा, बसायला गुबगुबीत खुर्ची. दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. हे घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसायचे.

म्हणून सात वर्षांपूर्वी पोट लहान करायचं ऑपरेशन करून घेतलं. दिसण्यासाठी नाही हो, वाकण्यासाठी! माझ्या थोरल्या नणंदबाईंनी घर डोक्यावर घेतलं होतं. "धडधाकट पोट कापून घेतोस? पस्तावशील, बघ!" पण हे कधी नव्हे ते हट्टाला पेटले. वजन उतरलं आणि हे पुन्हा खाली, गिऱ्हाइकांच्या पायाशी जाऊन बसले. पहिल्या दिवशी घरी आले ते चक्क शीळ घालत.

आणि आता, इतक्या वर्षांनी, ही फरशी. दुकानातही तेच चाललं होतं म्हणे. मालक मला रस्त्यात भेटले तर म्हणाले, "वहिनी, डबा खाल्ला की लगेच खालच्या कप्प्यातले खोके लावायला रांगत जातात हो. मिनिटभर टेकत नाहीत. असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही." मी तर फुगून टम्म. खोटं कशाला बोलू, मला वाटलं या वयात ह्यांचं माझ्यावरचं प्रेम उतू चाललंय. जाऊन लिपस्टिक घेऊन आले मी. लाल!

ती लिपस्टिक लावूनच त्या रविवारी आम्ही नणंदबाईंकडे जेवायला गेलो.

ताईंचा स्वयंपाक म्हणजे काय विचारता. आणि वाढायचा हात असा सैल, की नको म्हणायला तोंड उघडावं तर त्यातच काहीतरी पडायचं. ह्यांनी सावकाश, चिमणीच्या घासांनी, थोडंसंच खाल्लं. ऑपरेशनपासून तसंच जेवतात. पण ताटली अगदी स्वच्छ केली. ताई म्हणाल्या, "बघ, माझ्या हातचं कसं जातं पोटात!" हे म्हणाले, "तुझ्या हाताला चव आहे ताई," आणि त्यांनी खाली पाहिलं. खाली फरशी नव्हती. ताईंकडे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाड गालिचा.

मी ताईंच्या यजमानांशी बोलत होते. वळून बघते तर ह्यांची खुर्ची रिकामी!

"अगं बाई, हे गेले कुठे?"

टेबलक्लॉथच्या आतून आवाज आला, "इथे आहे. बटण पडलंय माझं."

झालं! ताईंचे यजमान म्हणजे मदतीला एका पायावर तयार. "थांब, मी बघतो," म्हणून तेही शिरले टेबलाखाली. मग ताई. "कसलं बटण? शर्टाचं? कोटाचं?" त्याही कमरेवर हात ठेवून कण्हत कण्हत खाली उतरल्या. मग मी एकटी वर बसून काय करू? मीही गेले. चार प्रौढ माणसं टेबलाखाली एकमेकांच्या डोक्यांवर डोकी आपटत गालिचा चाचपतायत! ताईंना हसू आवरेना, त्यांचं बघून मला आवरेना. तेवढ्यात यजमान ओरडले, "सापडलं!" आणि खरंच त्यांच्या हातात एक बटण! निळं.

"हे नाही," हे म्हणाले.

"अरे, हे नाही तर कोणाचं आहे?"

"दुसरं आहे. बघा ना नीट. शोधत राहा."

मी हसत हसत ह्यांच्याकडे वळले. शर्टाची सगळी बटणं जिथल्या तिथे होती. बाह्यांची पण. कपाळावरून घाम टपटप गालिच्यावर पडत होता, ओठ पांढरेफटक. ती फरशी, ते कोपरे, ते खोके, सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांसमोर आलं.

"अहो," मी म्हटलं, "तुमच्या पोटात दुखतंय."

"असं ओणवं राहिलं की थांबतं गं," ते म्हणाले. "रोज थांबतं. आज थांबत नाहीये."

टॅक्सी बोलावली. टॅक्सीत ह्यांना बसवेना, म्हणून मागच्या सीटवर गुडघे टेकून, सीटच्या पाठीला कवटाळून, तोंड मागच्या काचेकडे. मागच्या गाडीतल्या माणसाला वाटलं हे त्यालाच रोखून बघतायत. त्याने हात जोडले! आणि हे, त्या अवस्थेत, म्हणतात कसे, "सज्जन माणूस दिसतोय." मला हसूही येत होतं आणि रडूही. मी दोन्ही केलं.

हॉस्पिटलात पोचेपर्यंत नेमकं दुखणं जरा उतरलं. तपासायला आलेल्या डॉक्टरला हे म्हणतात, "गॅस असेल. गोळी द्या, जातो घरी." माझं डोकंच फिरलं.

"डॉक्टर, ह्यांचं काही ऐकू नका! उताणं झोपवा ह्यांना, मग बघा!"

झोपवलं. दुसऱ्या मिनिटाला ह्यांच्या तोंडून जी किंकाळी निघाली, ती मला आयुष्यभर विसरता येणार नाही. मग मात्र धावपळ उडाली. स्कॅन झालं. एक सर्जन बाई आल्या आणि त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. त्या जुन्या ऑपरेशनमध्ये आतडं फिरवून नव्याने जोडलेलं असतं, तिथे बारीक फटी राहतात. वजन उतरतं तशी आतली चरबीही वितळते आणि फटी मोठ्या होतात. खाल्ल्यावर आतडं त्यात सरकतं, पिळवटतं. ओणवं झालं की कधीकधी सुटतं. आज सुटलेलं नव्हतं.

"आत्ताच्या आत्ता ऑपरेशन करावं लागेल," बाई म्हणाल्या. "उशीर झाला तर आतडं निकामी होईल. जिवावर बेतेल."

आणि हे म्हणाले, "नको."

"नको म्हणजे?" मी ओरडले.

ह्यांनी सर्जन बाईंची बाही धरली. एवढा मोठा माणूस, पण आवाज कसा बारीक झालेला. "उघडल्यावर पोट पूर्वीसारखं करणार ना तुम्ही? मोठं? मला परत गल्ल्यावर बसायचं नाहीये हो."

तेव्हा कळलं मला. दुखतंय म्हटलं तर डॉक्टर सगळं उसवून ठेवतील, आपण पुन्हा जाडे होऊ, पुन्हा त्या गुबगुबीत खुर्चीत! या भीतीपोटी हा माणूस महिनोन्‌महिने रांगत होता. त्यातून ताई पस्तावशील म्हणाल्या होत्या, ते वेगळंच.

बाई हसल्या नाहीत. खाली वाकून म्हणाल्या, "मोठं करणार नाही. फक्त फटी शिवणार. शब्द देते." मग ह्यांनी बाही सोडली. मी बाहेर बाकावर बसले आणि आमच्या मागोमाग पोचलेल्या ताई शेजारी येऊन बसल्या. नुसता माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या, आणि मला त्यांचा कधी नव्हे इतका आधार वाटला.

वेळेत झालं सगळं. आतडं वाचलं, फटी शिवल्या. माझा जीव भांड्यात पडला.

दोन दिवसांनी नर्सने सूपची वाटी आणून ठेवली. ह्यांनी चमचा उचलला आणि तो हवेतच राहिला. वाटीकडे असे बघत होते की मला बघवेना.

"अहो, घ्या ना."

"घेतो. थांब जरा."

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रोज सकाळी डबा देत होते, रात्री ताटली पुढे ठेवत होते. पुढे काय होणार हे ह्यांना रोज माहीत होतं. तरी रोज डबा स्वच्छ, ताटली स्वच्छ, आणि वर, "आज छान झालंय हं!"

"मग खात कशाला होतात?" मी विचारलं. "टाकून द्यायचं होतं ना ताटलीत!"

"टाकलं असतं तर तुला कळलं असतं," ते म्हणाले. "आणि तू मनापासून करतेस गं."

तो चमचा मी ह्यांच्या हातातून घेतला आणि ह्यांच्या तोंडाशी नेला. गिळलं ह्यांनी. मग आम्ही दोघं थांबलो. हे स्वतःच्या पोटाकडे बघतायत, मी ह्यांच्या चेहऱ्याकडे. बाजूच्या पलंगावरचा म्हाताराही मान वर करून बघायला लागला. मिनिट गेलं, दोन गेली. हे तसेच, उताणे, उशीला टेकलेले.

"काहीच होत नाहीये गं," हे म्हणाले आणि लहान मुलासारखे हुंदके द्यायला लागले.

मीही रडले. सगळ्या वॉर्डासमोर, भोकाड पसरून. आणि रडता रडताच ह्यांच्यावर खेकसले, "गार होतंय ते, गिळा आता!"