तात्यासाहेबांची विचारपूस

बिडकीनला आमचं मेडिकल आहे. फार्मसीची परीक्षा मी पास झाले, भिंतीवरचं लायसन माझ्या नावाचं, औषधं मीच देते. पण अर्धं गाव अजून त्याला ‘तात्यासाहेबांचं मेडिकल’च म्हणतं. तात्यासाहेब म्हणजे माझे सासरे. जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली आणि माणूस रिकामा झाला. घरी बसून सासूबाईंचं डोकं खायला लागले, म्हणून माझ्या नवऱ्यानं, सोमनाथनं, दुकानाच्या दारात त्यांना एक बाकडं टाकून दिलं. तेव्हापासून सासूबाई सुखात आहेत. माझं विचारू नका.

“कुणाला बरं नाय रं?” पायरी चढणाऱ्या प्रत्येकाला हा सवाल. आणि नुसतं विचारून थांबले तर ते तात्यासाहेब कसले? संध्याकाळी बिस्किटाचा पुडा घेऊन त्या घरी हजर. आजारी माणसाला भेटायला जायची आमच्याकडे रीतच आहे. नाही गेलं तर लोक वर्षानुवर्षं बोलून दाखवतात. पण बाकीचे लोक ऑपरेशन झालं, गाडीवरून पडला, असं काही कानावर आलं की जातात. हे सर्दीलाही जातात. एकानं उवांचं औषध नेलं, तर त्याच्याकडेही जाऊन बसले. मनानं माणूस साखर, त्यामुळे धड रागावताही येत नाही.

पण ह्या विचारपुशीपायी माझी तरुण गिऱ्हाइकं पार पळाली. निरोध पाहिजे असलेलं पोरगं दुकानासमोरून गाडीच्या चकरा मारतं, तात्या हलत नाहीत असं दिसलं की आत येऊन खोकल्याच्या गोळ्या घेतं आणि जातं. आमच्याइतक्या खोकल्याच्या गोळ्या जिल्ह्यात कुठं खपत नसतील. मग ही पोरं जातात लासूर स्टेशनला, आणि लासूरची पोरं येतात आमच्याकडे, इथं आपल्याला कोण ओळखतंय म्हणून. तात्या मात्र बोलता बोलता त्यांची आत्या कुठल्या घरात दिली आहे तेही काढतात.

विश्वजीतची गोष्ट वेगळी. हा द्वारकाकाकूंचा मुलगा, वसाहतीतल्या कंपनीत नोकरीला. गेल्या वर्षी लग्न झालं. बायको दीपमाला संभाजीनगरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आधी नर्स होणार, मग आई, असं तिनं त्याला लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं. डॉक्टरांना दाखवून तिनं रोजच्या गोळ्या सुरू केल्या, आणायचं काम नवऱ्याकडे. तो बिचारा शहरात पैठण गेटच्या दुकानात गेला, तर शेजारी सख्खा मामा उभा. म्हणून मग माझ्याकडे. तात्या दुपारी झोपतात ती वेळ मी त्याला सांगून ठेवली होती आणि पाकीट कागदात गुंडाळून तयार ठेवायची.

एका दुपारी लाइट गेली. पंखा बंद पडल्यावर तात्यांना कसली झोप? ते बाकड्यावर येऊन बसले आणि समोरून विश्वजीत पाकीट घेऊन निघाला.

“कुणाला बरं नाय रं?”

कंपनीत हा माणूस भलीमोठी मशिनं चालवतो, पण इथं त्याची बोबडी वळली. “दीपमालाला... जरासं...” म्हणाला आणि गाडीला किक मारून पळाला. मी कपाळाला हात लावला.

“तात्या, त्यांच्याकडे जाऊ नका,” मी म्हटलं.

“का? साथीचं हाय का काही?”

“तिला काही झालेलं नाही.”

“मग गोळ्या कशाला?”

आता ह्याचं उत्तर मी काय देणार? गिऱ्हाइकाची गोष्ट घरच्या माणसालाही सांगायची नाही, हा माझा नियम. तात्या संध्याकाळी पुडा घेऊन गेलेच.

तिथं काय घडलं ते दुसऱ्या दिवशी दीपमालानं फोनवर सांगितलं. तात्या द्वारकाकाकूंना म्हणाले, “सूनबाईला जपा, गोळ्या चालू हायत तिच्या.” नवी सून, गोळ्या, आणि घरात कुणी अवाक्षर काढत नाही, काकूंनी काय ते ओळखलं आणि तात्यांच्याच तोंडात साखर घातली. रात्री सुनेला फर्मान सुटलं. आता बसचे धक्के खायचे नाहीत, कॉलेज बंद. तसं काही नाही म्हणून दीपमालानं परोपरीनं सांगितलं, तर काकू म्हणाल्या, लाजते पोरगी.

“ताई, माझी हजेरी आधीच काठावर आहे,” ती रडत होती. “आता घरी बसवलं तर परीक्षेला बसू देत नाहीत. सगळं शिक्षण वाया जाईल.”

फोन ठेवला आणि मी तात्यांवर अशी भडकले की समोरचा पंक्चरवाला उठून बघायला लागला. “तुमच्या बिस्किटाच्या पुड्यापायी त्या पोरीचं कॉलेज सुटतंय,” एवढंच म्हटलं. तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग हळूच म्हणाले, “म्हंजी... तसल्या गोळ्या व्हत्या व्हय?” मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्यांचे कान लाल झाले.

आणि तेवढ्यात काकूच सुनेला घेऊन पायरी चढल्या. चेहऱ्यावर आनंद नुसता ओसंडत होता.

“श्रेया, हिला ताकदीचं काहीतरी दे चांगलं. आन् त्या आधीच्या गोळ्या कसल्या व्हत्या गं?”

“काकू, गिऱ्हाइकाचं मी कुणाला सांगत नाही. तिलाच विचारा.”

“मी सासू हाय तिची.”

“असाल. तरीपण.”

दीपमालानं काउंटरची कड घट्ट धरली होती. “आई, मला दिवस गेलेले नाहीत. जाऊ नयेत म्हणून त्या गोळ्या आहेत. आम्ही दोघांनी ठरवलंय. माझी परीक्षा होऊ दे, नोकरी लागू दे, मग बघू. मला उद्या कॉलेजला जायचंय.”

काकूंचं तोंड एकदम एवढंसं झालं. मला त्यांची फार दया आली, कारण कालपासून त्या बाईनं मनात पाळणा टांगला होता.

“शेजारी साखर वाटली मी,” त्या म्हणाल्या. “घरात मीच एकटी परकी का?”

“तुम्ही नको म्हटलं असतं.”

काकू खोटं बोलल्या नाहीत. “व्हय. म्हटलं असतं.” मग माझ्याकडे वळल्या. “ह्या गोळ्या आत्ता नव्या निघाल्या का?”

“नाही काकू. तुमच्या वेळीही होत्या. सरकारी दवाखान्यात फुकट मिळायच्या.”

तात्या बाकड्यावरून उठले. “द्वारकाबाई, चूक माझी हाय. नको तिथं नाक खुपसलं मी. पोरीला जाऊ द्या कॉलेजला.”

काकूंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. आमच्या घरी सोमनाथ आणि त्याची बहीण, दोनच लेकरं, आणि दोघांत भरपूर अंतर. ते काकूंनाही माहीत आहे.

“तुमच्या घरी ठावं व्हतं का ह्या गोळ्यांचं?”

तात्यांनी मान खाली घातली. “व्हतं.”

“माझ्या चौथ्या बाळंतपणात रक्त चढवलं, तवा भेटायला आला व्हता तुम्ही. लई वेळ बसला. पिकाचं बोलला, बैलाचं बोलला. एवढी एक गोष्ट नाय बोलला.”

आख्ख्या गावाची विचारपूस करणारा माणूस पुन्हा बाकड्यावर टेकला.

काकूंनी पदर खोचला. “चल गं,” त्या सुनेला म्हणाल्या, “सकाळची बस गाठायची म्हंजी डबा लवकर करावा लागंल.” पायरीवरून त्यांनी मागं वळून मला बजावलं, “आन् पुढचं पाकीट विश्वजीतच्या हातात देऊ नको. त्याला कोथिंबीर सांगितली तर मेथी घेऊन येतो. मी येत जाईन.”