उभ्या बाई

आमच्या शाळेतल्या थोरल्या बाई खुर्चीत बसलेल्या मी पाहिल्या नाहीत. वर्गात फेऱ्या, व्हरांड्यात फेऱ्या, जेवणाच्या सुट्टीत हातात डबा धरूनही फेऱ्याच. तांड्यावरची पोरं त्यांना 'उभ्या बाई' म्हणत. औंढा तालुक्यातल्या त्या शाळेवर मी नव्वदच्या सुमारास रुजू झाले, तेव्हा आम्ही दोघीच बाया होतो.

"बसा की बाई थोडं," मी म्हणायचे.

"बसलं की पोट दुखून राहतं गं. चाललं की जरा बराबर वाटतं."

दिवसभर पाण्याला मात्र त्या शिवत नसत. शाळेला संडास नव्हता आणि भोवती उघडं माळरान. संध्याकाळी एसटीतून हिंगोलीला उतरून घरी गेल्यावरच तांब्याला तोंड लावायच्या. मी बाटली पुढं केली की म्हणायच्या, "पिऊन जाऊ कुठं?" कळा आल्या की ओवा चघळायच्या. "बायांच्या पोटाचं काय एवढं," म्हणून विषय मिटवायच्या.

एका पावसाळ्यात फळ्यावर गणित मांडता मांडता पोटाची डावी बाजू दाबून त्या खालीच कोसळल्या. अंग तापलेलं. जीप करून मी त्यांना हिंगोलीला नेलं, तिथून नांदेडला. तपासणीत कळलं, मोठ्या आतड्याच्या भिंतीतून बारीक पिशव्या बाहेर आल्या होत्या आणि त्यातली एक सुजली होती.

"पाणी पीत नव्हते, त्यानं झालं का?" बाईंनी विचारलं.

"एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण पाणी कमी पडलं की बद्धकोष्ठ होतं, ते बरं नाही. पिशव्या आता राहणारच. सूज उतरली की हळूहळू भाज्या-फळं वाढवा, पाणी प्या. आणि शौचाला लागली की अडवून धरू नका."

"अडवू नको तर जाऊ कुठं, डॉक्टर?"

डॉक्टरांनी औषधांची चिठ्ठी त्यांच्यापुढं सरकवली.

बऱ्या होऊन आल्या तरी बाईंच्या जिवाला स्वस्थता नव्हती. जरा टोचलं की चेहरा उतरायचा. अशातच ग्रामसभेत त्या बोलायला उठल्या. बाप्यांसमोर आतड्याचं, संडासाचं सगळं सांगितलं. "तुमच्या पोरी बी पाणी न पिता बसून राहिल्या," बाई म्हणाल्या, "त्यांना काहून ही तकलीफ?" तांड्यावरच्या बायांनी आडोशाला टिनाचे पत्रे मिळवले, मग पुरुषांनी शाळेमागं संडासाचा खड्डा खणला.

पुढं त्यांची बदली आखाडा बाळापूरकडं झाली. पहिल्या दिवशी मी सोबत गेले होते. मुख्याध्यापकांनी सहीसाठी हजेरीपट पुढं केला. बाईंनी पेन हातात घेतलं नाही.

"सर, हितं पोरी जातात कुठं? आधी ते दाखवा."


मुख्याध्यापक उठले आणि त्यांच्या पुढं चालू लागले.