तेहतीस धोंडे

मी एके काळी पावणेतीन मणांचा होतो. हे अंदाजानं सांगत नाही. परभणीच्या एका जिनिंगमध्ये मी काटावाला होतो, येणारा कापूस तोलायचं काम. हमालांना गंमत सुचली की ते मला धरून काट्यावर बसवायचे आणि पलीकडे वजनं चढवायचे. काटा सरळ झाला की ओरडायचे, "मालक, औंदा बी भाव चढलाच तुमचा!" मीही हसायचो. जाड असण्याची लाज मला कधी वाटली नाही. उलट खाणं हीच माझी ओळख होती. कुठं पंगत असली की लोक आपलं जेवण उरकून माझ्या पानापुढं येऊन बसायचे, आणि मी कधी कुणाला निराश केलं नाही.

माझी सगळ्यात मोठी कीर्ती होती ती सासुरवाडीला, जिंतूरच्या पलीकडच्या एका खेड्यात. तीन वर्षांनी अधिक महिना येतो, त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. त्या महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, न्हाऊ घालायचं आणि कणकेत पुरण भरून उकडलेले धोंडे वाढायचे. वाण असतं तेहतिसाचं. आता हे तेहतीस मोजून द्यायचे असतात, कुणी एका बैठकीला खात नाही. मी खाल्ले. पोलीस ॲक्शननंतरचा तो पहिला अधिक. शेवटच्या धोंड्याला सगळी भावकी उभी राहून मोजत होती. सासूबाई विधवा, जावयापुढं यायच्या नाहीत, दाराआडून बोलायच्या. पण त्या दिवशी दाराआडून त्यांचं हसू मला ऐकू येत होतं. मी तूप लावलेल्या मिशीवर हात फिरवत म्हणालो, "मामी, धोंडे झाले, आता ती गाय बी द्या!" सगळे खो-खो हसले. अंगणात त्यांची एकुलती एक तांबडी गाय बांधलेली होती. मी गंमत केली आणि विसरून गेलो. त्या विसरल्या नाहीत, हे मला पुढं कळलं.

त्यानंतर दीड-दोन वर्षांतच माझं पोट बिघडलं. जेवलो की आग, नाही जेवलो तरी आग. सोडा खात होतो आणि दिसेल त्याला शिव्या देत होतो. काढे झाले, अंगारे झाले. दसऱ्याच्या सुमाराला परसाकडला काळं पडायला लागलं, तेव्हा आमच्या मंडळींनी, म्हणजे बायकोनं, ट्रंक भरली आणि मला हैदराबादच्या गाडीत घातलं. तिथं डॉक्टरांनी पोट उघडून जठर कापलं. शुद्धीवर आल्यावर ते पलंगाशी उभे होते. म्हणाले, "आधे से ज्यादा मेदा निकाल दिये मियाँ. अब तुम्हारा मेदा बच्चे का है. बच्चे जैसा खाना. छे बार खाना, जरा जरा खाना. मीठा बिल्कुल नक्को."

मी विचारलं, "कब तक?"

ते हसले. "जब तक है तब तक."

घरी आलो तो निम्मा होऊन. हमालांनी जुन्या सवयीनं काट्यावर बसवलं. पलीकडची वजनं एकेक करून उतरवायला लागले. सव्वा मणावर काटा सरळ झाला. कुणी हसलं नाही. एकानं नुसतं हात देऊन मला खाली उतरवलं. मला इतका राग आला की दिवसभर मी सगळ्यांवर खेकसत होतो.

आणि ते सहा वेळा खाणं! एवढीशी वाटी. तिच्यात दुधात कुस्करलेली भाकरी, नाहीतर मऊ भात आणि मुगाचं वरण. दोन तास झाले की परत वाटी. कामावर मी डबा घेऊन जायचो आणि गठड्यांच्या आडोशाला बसून चार घास खायचो. हमालांनी माझं नाव बाळंतीण ठेवलं. "बाळंतीणबाई, शेपा खाल्ल्या का?" मी वजन उचलून मारायला धावायचो, पण दहा पावलांत दम लागायचा. बोटातली अंगठी गळून पडायची म्हणून मंडळींनी तिला दोरा गुंडाळून दिला. माझ्या एका सदऱ्यात आता दोन होतात म्हणून तिनं उसवून दोन शिवले. तिला त्यात काटकसर दिसत होती, मला माझी तिरडी दिसत होती. एकदा मी ती वाटी भिंतीवर फेकली. तिनं ती उचलली, पोचा ठोकून सरळ केला आणि दुसरी भाकरी कुस्करून आणली. "खावा," म्हणाली, "मंग भांडा."

गोडाचं डॉक्टर उगीच म्हणाले असतील असं मला वाटायचं. संक्रांतीला कुणाचं लक्ष नाही बघून मी दोन तिळाचे लाडू तोंडात टाकले. पाव तासात छाती धडधडायला लागली, अंगाला घामाच्या धारा, डोळ्यापुढं अंधारी. कापसाच्या ढिगावर जाऊन पडलो. आता आपण खपलो असंच वाटलं. तासाभरानं उठलो तेव्हा उमगलं की डॉक्टर खरं बोलले होते. त्या दिवसापासून मी पंगतीचं आमंत्रण आलं की गावाला जायचंय असं सांगायला लागलो.

वैशाखात अधिक आला. मेव्हणा बोलवायला आला तो दारात मलाच विचारतोय, "दाजी हायत का घरात?" मग ओळख पटली तसं त्याचं तोंड उतरलं. सासुरवाडीला आम्ही एवढंच कळवलं होतं की हैदराबादला पोटाचा इलाज झाला, आता बरं आहे. तो गेल्यावर मंडळी म्हणाली, "मी आईच्या कानावर घालते सगळं. आधीच सांगितलेलं बरं."

"खबरदार!" मी ओरडलो. "माहेरात एक शब्द काढलास तर मी येणार न्हाई."

का? तर ज्या घरानं माझा तेहतिसावा धोंडा उभं राहून मोजला, त्या घराला मी अर्ध्या पोटाचा झालोय हे कळू नये. बस्स, एवढंच कारण. आज लिहितानासुद्धा शरम वाटते.

जिंतूरपर्यंत मोटारीनं आणि पुढं बैलगाडीनं गेलो. सासूबाईंनी दाराआडून मला पाहिलं आणि लेकीला आत घेऊन झाडल्याचं मला ऐकू आलं. "उपाशी मारायलीस का काय गं त्येला? हाडं राहिल्यात नुसती." मंडळी गप्प. मी बजावलंच होतं ना! सासूबाईंनी मनाशी ठरवलं की हा जावई आपण भरून परत पाठवायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाट मांडला. मोठ्या पितळी परातीत तेहतीस धोंडे, मध्ये दिवा. मागच्या खेपेची आठवण धरून भावकी आधीच येऊन भिंतीला टेकून बसली होती. मी अर्धा धोंडा खाल्ला, हळूहळू, चावून चावून, आणि उरलेला ताटाच्या कडेला सारला.

"तूप कमी पडलं का?" दाराआडून आवाज आला. मेव्हण्यानं तुपाची धार धरली.

"बास."

"पुरण बिघडलं का, जावईबापू?"

"न्हाई."

"मंग घ्या की. सकाळपासून खपायलोय आमी."

"पोट भरलं म्हनलं ना!" मी खेकसलो. "किती डाव सांगू?"

मग भिंतीकडून कुणीतरी हळूच म्हणालं, "जावई रुसला."

आता आमच्याकडे हे ठरलेलं आहे. जावयानं भरल्या ताटावर हात आखडला म्हणजे त्याला काहीतरी पाहिजे असतं. अंगठी पाहिजे, सायकल पाहिजे, घड्याळ पाहिजे. मिळेपर्यंत तो घास घेत नाही आणि सासरची माणसं जीव मुठीत धरून अंदाज बांधत बसतात. पोट खरंच भरलंय असं कुणाच्या स्वप्नातसुद्धा येत नाही. त्यातून मी, तेहतीसवाला!

मेव्हणा हात जोडून म्हणाला, "दाजी, मनात काय हाय ते बोला."

मी काही बोलायच्या आत दाराआडून आवाज आला. शांत होता, पण फाटलेला. "मला ठावं हाय त्यांच्या मनात काय हाय. तीन वर्सं झाली. त्यांनी तोंडानं मागितली आन् मी दिली न्हाई. गाय सोड रे."

"आई, लेकरांचं दूध हाय ते."

"सोड म्हनले ना!"

त्यानं गाय आणली. दावं माझ्या हातात दिलं. अंगणात वासरू हंबरायला लागलं. माझ्या ताटात तुपात बुडालेला अर्धा धोंडा, हातात दावं, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघायलेत. त्या घरात दुसरं दुभतं नव्हतं. मी मंडळींकडे पाहिलं. ती तांब्या घेऊन भिंतीशी उभी होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि तोंड मी बंद केलेलं.

मग मला वाटलं, मरू दे. खाऊन टाकावं. चार-पाच खाल्ले तर रुसवा गेला म्हणतील, गाय राहील. पुढं जे होईल ते होईल. मी दावं खाली टाकलं आणि परातीतला एक धोंडा उचलला.

मंडळींनी झडप घालून माझं मनगट धरलं. थोरामोठ्यांदेखत नवऱ्याचा हात धरायची रीत नव्हती, तिनं तो जन्मात कधी धरला नव्हता. "खाऊ नका," ती म्हणाली. "मरताल."

तिच्या मुठीत माझं मनगट पूर्ण मावत होतं. मी उठून उभा राहिलो. दाराकडे तोंड केलं आणि अंगातली बंडी वर केली. छातीच्या खालपासून बेंबीपर्यंत उभा व्रण होता, अजून लालच.

"मामी," मी म्हणालो, "रुसलो न्हाई मी. पोटच न्हाई मला. डॉक्टरनं अर्ध्याच्या वर काढून टाकलंय. गोड खाल्लं की जीव घाबरा होतोय. मला गाय नको. मला खाता येईना, मामी."

सासूबाई दाराबाहेर आल्या. लग्न झाल्यापासून मी त्यांना समोरासमोर कधी पाहिलं नव्हतं. ठेंगण्या, कपाळ मोकळं, हाताला पीठ. त्या पदर सावरायचंही विसरल्या आणि माझ्यापुढं येऊन व्रणाकडे बघत राहिल्या.

"दुखतंय का अजून?" त्यांनी विचारलं.

इतके महिने मी लोकांची तोंडं चुकवत होतो. किती बारीक झालास, काय रोग झाला, आता कसं होणार, हेच सगळे विचारत होते. मी पाटावर बसलो आणि भावकीदेखत ढसाढसा रडलो. आता सांगायला काय जातंय.

गाय परत खुंट्याला गेली. परातीतले धोंडे पोराबाळांत वाटले. पण संध्याकाळी सासूबाई लेकीला म्हणाल्या, "वाण मोडलं. आधीच त्येचं शरीर असं, आन् माझ्या हातून तेहतीस पुरे झाले न्हाईत. मला झोप लागंल का?"

सकाळी उठलो तर त्या चुलीपुढं होत्या. परातीत बोराएवढे धोंडे. आतली डाळ मऊ शिजवून वाटलेली, गूळ नाही, नुसतं मीठ आणि जिऱ्याचा वास.

"डागदरनं किती डाव खायला सांगितलंय?" त्यांनी विचारलं. आता दाराआडून नाही, समोरून.

"सहा."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. "तीन डाव सहा, तीन डाव पाच. झाले तेहतीस. देवाला सांगितलंय मी, औंदा मिठाचे हायत म्हणून."

दिवसभर त्या माझ्यामागं वाटी घेऊन होत्या. धोंडे त्याच गाईच्या दुधात भिजवलेले. सहा धोंडे, मग दोन तास आराम, मग परत वाटी. प्रत्येक धोंड्याला त्या पुटपुटत मोजायच्या. मी एकदाही खेकसलो नाही. दिवेलागणीला शेवटची वाटी आली. तेहतिसावा धोंडा गिळला तेव्हा पोटात काही दुखलं नाही, छाती धडधडली नाही. सासूबाईंनी वाटी पालथी घातली आणि देवापुढं हात जोडले.

चौथ्या दिवशी निघालो. त्याआधी सासूबाई पाण्याला जाऊन आल्या होत्या आणि येताना अर्ध्या गावाला सांगून आल्या होत्या. गाडीत बसताना शेजारचा एक म्हातारा कुंपणापाशी आला. परवा आमच्याकडे आला नव्हता तो. माझ्या काटकुळ्या अंगाकडे बघून म्हणाला, "पावणं, तुमची सासू सांगायलीय, जावयानं औंदा बी तेहतीस खाल्ले म्हणून. खरं हाय का?"

सासूबाई दारात उभ्या होत्या. माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"खरं हाय," मी म्हणालो. "एक बी कमी न्हाई. मामीनं सोता मोजलेत."