कोचीची संध्याकाळ

पुंडलिकनगरात माझ्या शेजारी एक रिटायर माणूस राहतो. पोरानं त्याला अन् बायकोला मोठ्या बोटीवर फिरायला धाडलं होतं. आल्यापासून हा रोज ओट्यावर बसून मला कोचीच्या बंदरातली एकच संध्याकाळ सांगतो.

“बोटीतून उतरलो अन् आधी ती मासे धरायची चिनी जाळी पाहिली.”

आतून त्याची बायको म्हणते, “आधी चहा घेतला. जाळी मागून.”

“व्हय, चहा. काळा होता.”

“दुधाचा होता. शर्टावर सांडलात की तुम्ही.”

तो हसतो अन् पुढं सांगतो. चुकायची त्याला लाजच नाय. मला तर वाटतं, मुद्दाम चुकतो.

बोटीचं मला काय नाय. पण गेल्या पोळ्याला माझी बायको वारली, तवापासून त्या आतल्या आवाजानं माझा लई जळफळाट होतो.

परवा तो म्हणाला, “भाऊ, वहिनींना घेऊन तुम्ही कुठं गेलते? सांगा की.”

आम्ही अजिंठ्याला गेलतो, फर्दापूरपर्यंत एसटीत उभ्यानं. मी मुद्दाम सांगितलं, “जीपनं गेलतो.” अन् थांबलो.

“जीपनं? ऐट होती म्हणा,” तो म्हणाला.

पलीकडं माझ्या घराचं दार उघडंच होतं. तिथून कुणी “एसटीनं” म्हणालं नाय.