चावी ड्रॉवरमध्ये

नगरच्या आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तारखा देणारी बाई डोळ्यांआधी गाडीचं विचारते. "काका, थेंब टाकल्यावर लई धुरकट दिसतं. एकटेच आलात? मग चावी द्या!" चावी तिच्या ड्रॉवरमध्ये जाते. भिंतीवरच्या कॅलेंडरची बारीक अक्षरं वाचून दाखवली, तरच परत मिळते. श्रीगोंद्याचा एक पैलवानसुद्धा तिच्यापुढे मुकाट बाकावर बसलेला मी पाहिलाय.

परवा थेंब तिच्याच डोळ्यांत पडले. स्कूटीची चावी माझ्या, म्हणजे इथल्या म्हाताऱ्या कंपाउंडरच्या, हातात देऊन म्हणाली, "मी मागितली तरी देऊ नका."

दहाच मिनिटांत लाडात आली. "काका, द्या की. दिसतंय मला."

"मग वाचा!"

तिने कॅलेंडरला नाक लावून हा अख्खा महिना, एकादशी-संकष्टीसकट, धडाधड वाचला.

पान मी आधीच उलटून पुढचा महिना लावला होता.