दाभणमावशीची थाप

धान्याच्या गोदामात फाटकी पोती शिवणाऱ्या बाईला सगळे हमाल दाभणमावशी म्हणत. तिच्या हातातलं दाभण परवडलं, जीभ नको, असं ते म्हणायचे, पण लांबूनच.

एकदा आरोग्य विम्याची नोंदणी करायला एक तरुण बाई तिथे आली. आजारी पडलात तर दवाखान्याचा खर्च विम्यातून होईल, हे तिने जीव तोडून समजावलं. हमालांनी माना डोलावल्या आणि एकेक करत पोत्यांच्या थप्पीआड पसार झाले. त्यांचा म्होरक्या पैलवान तर म्हणाला, विमा काढणं म्हणजे दुखण्याला घरचा पत्ता देणं. बाईच्या टेबलाजवळ माशीही फिरकेना.

तिचा पडलेला चेहरा मावशीला बघवेना. शिवाय खोडी काढायची हुक्की होतीच. जेवणाच्या सुट्टीत सुतळी ओवता ओवता ती आपल्याशीच बोलल्यासारखं पुटपुटली, की विमेवाल्यांना म्हणे धडधाकट माणसंच लागतात. इथल्या हमालांत काही दम नाही म्हणून बाई म्हणे नाक मुरडत होती.

झालं. अर्धे डबे तसेच टाकून सगळे टेबलापुढे. पैलवान सर्वांत पुढे, छाती फुगवून. बाई गोंधळली, पण आलेली माणसं परत पाठवण्याइतकी खुळी नव्हती; तिने सगळ्यांना विम्याची कार्डं काढून दिली.

पुढे काही महिन्यांनी पैलवान पोतं उचलताना घामाघूम होऊ लागला. कुणी विचारलं की म्हणे, जेवण जास्त झालं. खरं तर जांघेत गाठ आली होती. एकदा तो थप्पीला टेकून मटकन खालीच बसला, तेव्हा दवाखान्यात चल म्हणून मावशी हात धुऊन मागे लागली.

"हळू बोल," तो कुजबुजला. "दुखणं कळलं तर कार्ड काढून घेतील. धडधाकटांनाच देतात ना ते?"

थापा मावशीने आजवर ढीगभर मारल्या होत्या, पण इतकी खोल रुजलेली ही पहिलीच.

"अरे मुडद्या, ते मीच उठवलं होतं," ती म्हणाली. "दुखणाऱ्यासाठीच असतं ते."

पैलवान इतका संतापला, की दवाखाना येईपर्यंत रिक्षात तोंड फिरवून बसला. हर्निया निघाला. आणखी उशीर केला असता तर आतडं अडकलं असतं, असं डॉक्टरांनी सुनावलं. ऑपरेशन कार्डावर झालं. बाहेरून आणायला सांगितलेल्या औषधांवरून मात्र मावशीने खिडकीतल्या कारकुनाला असं फैलावर घेतलं, की तीही आतूनच मिळाली.

ओझं उचलायची बंदी होती, म्हणून मुकादमाने पैलवानाला मावशीशेजारी शिवायला बसवलं. त्याने अबोला धरला होता आणि टाके नागमोडी घालत होता. ती मुकाट उसवून पुन्हा शिवायची.

मग एक हमाल गुडघा धरून आला, दुसरा जुना खोकला घेऊन. कार्ड कुठे दाखवायचं, हे त्यांना मावशीला विचारायचं होतं. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात पैलवानाचा अबोला सुटला.

"मला विचारा," तो म्हणाला. "हिच्या शब्दावर मी इतके महिने गाठ सांभाळली."