घोड्यावरून आलेला जासूद

खडकवासल्याचा दत्तोबा सोळा वर्षांचा असताना चावडीसमोर सगळ्यांदेखत बोलून बसला, की दसऱ्यापर्यंत मी पुण्यात जासूद होणार आणि वर्षाच्या आत दिल्लीला खलिता पोचवणार. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीतले ते दिवस. पायी धावत पत्रं पोचवणाऱ्या जासुदांना तेव्हा मोठा मान होता. दत्तोबाची आई तुळजाबाई नदीवर धुणं धुता धुता बायांना सांगत सुटली, की माझा पोरगा दिल्लीला जाणार हाय.

कसबा पेठेत गेनबा नाईकाचं जासुदांचं पथक होतं. नाईक बोलायला तिखट, पण शिकवण्यात हात राखणारा नव्हता. त्या पावसाळ्यात त्याच्याकडे दत्तोबा आला आणि त्याच्याच गावचा सटवाही आला. जागा एकच होती. नाईकाने सांगून टाकलं, की दसऱ्याच्या आदल्या दिवशी उगवतीला कसब्यातून निघायचं, खडकवासल्याच्या गुरवाकडून तोंडी निरोप घ्यायचा आणि परत येऊन तो शब्दन् शब्द सांगायचा. आधी येईल त्याला जागा.

सरावाची वाटही त्यानेच आखून दिली. पहिला पंधरवडा फक्त पर्वतीच्या पायथ्यापर्यंत पळून यायचं, दुसरा वडगावापर्यंत, मग धायरीपर्यंत. सटवा रोज पळाला. दत्तोबाला मात्र पर्वतीपर्यंत पळायची लाज वाटे. दिल्लीचं नाव घेणाऱ्याने पर्वतीवरून माघारी फिरायचं, हे गावात कळलं तर लोक काय म्हणतील? तो एखाद्या दिवशी ईर्षेने थेट धायरी गाठी आणि पुढचे चार दिवस पोटऱ्या चोळत पडून राही. नाईकाने विचारलं की ‘झाला सराव’ म्हणून सांगे.

कसोटीच्या दिवशी जायचं अंतर त्याने जिद्दीवर काढलं. परतताना धायरीच्या अलीकडे पोटऱ्यांत असे गोळे आले, की तो रस्त्यातच बसला. मागून आलेला सटवा थांबला. त्याने दत्तोबाचे पाय चोळले, जवळचं पाणी पाजलं आणि मग पुढे निघाला. तो दिसेनासा झाल्यावर कुरणातून घोडी परत नेणारा एक मोतद्दार आला. दत्तोबाने त्याच्या विनवण्या केल्या आणि एका घोड्याच्या उघड्या पाठीवर बसला.

वडगावपाशी त्यांनी सटव्याला मागे टाकलं. सटव्याने मान वर करून पाहिलं. तो तसाच पळत राहिला. दत्तोबाने तोंड दुसरीकडे फिरवलं.

आंबिल ओढ्यापाशी तो उतरला, घाम दिसावा म्हणून केसांवर पाणी मारलं आणि उरलेली वाट पळत गेला. गुरवाचा निरोप त्याने बिनचूक सांगितला. सटवा पोचला तेव्हा नाईक दत्तोबाच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. सटव्याने आपला निरोप सांगितला, हात जोडले आणि तो गावी निघून गेला. तुळजाबाईने घरोघर गूळ वाटला. तो सटव्याच्या घरीही दिला.

महिनाभराने पहिलं जोखमीचं काम आलं. नारायण पेठेतले श्रीनिवासपंत कारकून अत्यवस्थ होते आणि मुलगा अनंत सासवडला होता. सकाळी निघालेला जासूद दुपारी पोचला असता, तर घोडा पिटाळून मुलगा दिवस असेतोवर घरी आला असता. दत्तोबा निघाला तो कोंढव्यापर्यंत बरा धावला. पुढे बापदेव घाटाच्या चढावर पाय उचलेनात. दहा पावलं चालायचं, बसायचं, पुन्हा उठायचं, असं करत तो सासवडला पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. अनंताने पत्र वाचलं. घोड्यावर जीन कसत असतानाही त्याचं लक्ष दत्तोबाच्या रक्ताळलेल्या पायांकडे गेलं. “फार धावलात हो माझ्यासाठी,” तो म्हणाला आणि ओंजळीवर त्याने स्वतः पाणी घातलं. दत्तोबाने ते न पिताच ओंजळ मोकळी केली.

पंत त्या दिवशी दिवस मावळता मावळता गेले होते.

पुण्याला परतल्यावर दत्तोबाने नाईकासमोर सगळं ओकून टाकलं. नाईकाने मान खाली घातली. “त्या दिशी तू घातलेल्या चोळण्याला घोड्याचे केस व्हते,” तो म्हणाला. “म्या पाह्यले व्हते. मला तरतरीत पोरगं हवं व्हतं, म्हणून इचारलं न्हाई. म्या इचारलं असतं तर त्या मुलाला बाप दिसला असता.”

नाईकाने त्याला सटव्याला बोलवायला धाडलं. सटवा नांगर धरून होता. तेव्हाच का बोलला नाहीस, असं दत्तोबाने विचारलं, तर तो म्हणाला, “बोललो असतो तर तुझ्या आईनं गावात तोंड कुठं दाखवलं असतं?” एवढं बोलून तो पुन्हा नांगराच्या तासाला लागला. दोन दिवसांनी मात्र तो जागा घ्यायला कसब्यात हजर झाला. दत्तोबाने आईला खरं सांगितलं. त्यानंतर कित्येक दिवस ती पाण्याला जायची ती इतर बाया येऊन गेल्यावर.

दत्तोबा पथकात झाडलोट करत राहिला आणि रोज पर्वतीच्या पायथ्यापर्यंत पळू लागला. वाटेत लोक हसत. तेवढं अंतर दम न लागता जमेपर्यंत त्याने पुढचं नाव घेतलं नाही. वर्षाने नाईकाने त्याला पुन्हा धावेवर घेतलं. पुढची वीस वर्षं तो सातारच्या वाटेवर धावला आणि त्याचं पत्र कधी उशिरा पोचलं नाही. सटव्याने त्या घोड्याचा विषय जन्मात काढला नाही. काढला असता तर बरं, असं दत्तोबाला कितीदा वाटलं.

चाळिशीच्या उंबरठ्यावर एकदा तो नारायण पेठेत पत्र द्यायला गेला, तेव्हा अनंतपंतांनी त्याला ओळखलं. त्यांनी घरच्यांना बाहेर बोलावलं आणि पाय फुटेस्तोवर धावलेला तो जासूद हाच, असं कौतुकाने सांगू लागले. दत्तोबाने त्यांना अडवलं.

“पंत, त्या दिशी मी दुपारी पोचायला हवा व्हतो. सराव न करता, घोड्यावर बसून मी जागा मिळवली व्हती. पळणारा दुसराच व्हता.”

“हे आज कशाला सांगितलंत?” अनंतपंतांनी विचारलं.

“आपण उपकार मानता, ते सोसवत न्हाई.”

पंतांनी घरच्यांना आत जायला सांगितलं. हातातलं पत्र उघडून ते वाचू लागले, पण त्यांची नजर पहिल्या ओळीवरच अडकली होती. दत्तोबाने वाकून मुजरा केला. तो त्यांनी घेतला की नाही, हे पाहायला वर बघण्याचं त्याला धाडस झालं नाही.